टाच टेकण्याचा हिशेब

डॅनी पेद्रोसा हा स्पेनचा शर्यतपटू. उंची जेमतेम १६० सेंटीमीटर, म्हणजे सव्वापाच फूट. १२५ आणि २५० सीसी गटांत मिळून त्याने तीन जागतिक विजेतेपदं मिळवली आणि पुढे मोटोजीपीच्या सर्वांत वरच्या गटात ३१ शर्यती जिंकल्या. ताशी तीनशेच्या पुढे पळणारी गाडी वळणात झोपवायला आणि पुन्हा उभी करायला त्याचे पाय कमी पडले नाहीत, कारण पळत्या गाडीवर पाय जमिनीला लावायचेच नसतात. उंचीचा प्रश्न सुरू होतो तो वेगाचा काटा शून्यावर आला की. सिग्नलला, घाटातल्या अरुंद वळणावर समोरून एसटी आली की, पेट्रोल पंपाच्या उतारावरच्या रांगेत, धाब्यासमोरच्या सुट्या खडीत. लांब पल्ल्याच्या उंच गाडीवर कमी उंचीच्या चालकाची फजिती होते ती अशा ठिकाणी, आणि बहुतेक वेळा बघायला चार माणसं हजर असताना.

आपल्याकडे प्रौढ पुरुषाची सरासरी उंची साधारण १६५ आणि स्त्रीची १५२ सेंटीमीटर भरते. आता सीटच्या उंचीचे आकडे बघा. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस ८३५ आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० साली बाजारात आली तेव्हा तिची सीट ८५५ मिलिमीटरवर होती. ज्या गावात ती बनत होती, त्या गावातल्या निम्म्याहून अधिक माणसांना तिच्यावर बसून दोन्ही टाचा टेकता आल्या नसत्या. कंपनीलाही हे उमगलं असावं, कारण २०२३ मध्ये याच गाडीची ८३० मिलिमीटर सीटची आवृत्ती आली.

या गाड्या मुळात इतक्या उंच का असतात? या जातीच्या गाड्यांची वंशावळ १९८० च्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस पर्यंत मागे जाते. तिची सीट ८६० मिलिमीटरवर होती. १९८१ मध्ये ह्युबर्ट ऑरिओलने तिच्यावर पॅरिस-डकार जिंकली आणि वाळवंटात चालेल अशी उंच, लांब शॉकअपची गाडी म्हणजेच प्रवासाची खरी गाडी हा समज पक्का झाला. समजामागे यंत्रशास्त्र आहेच. खडकाळ रस्त्यावर चाकाला २०० मिलिमीटर वरखाली होऊ द्यायचं असेल, तर चाकाच्या वर तेवढी मोकळी जागा ठेवावी लागते. इंजिनाच्या पोटाला दगड लागू नये म्हणून तेही उचलावं लागतं. हिमालयन ४५० मध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना २०० मिलिमीटरची हालचाल आणि पोटाखाली २३० मिलिमीटर जागा आहे. एवढं सगळं बसवल्यावर त्याच्या वर जी सीट येते, ती खाली कशी येणार? म्हणून एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी: गाडी खाली आणायची म्हणजे या मोकळ्या जागेतून काहीतरी परत द्यायचं. किती द्यायचं आणि कुठून, एवढाच काय तो आपला निर्णय.

शोरूममध्ये सगळे एकच प्रश्न विचारतात, “पाय टेकतात का?” प्रश्न थोडा चुकीचा आहे. गाडी किती कललेली असताना पाय टेकतात, हे विचारायला हवं.

हिशेब सोपा आहे. दोनशे किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण साठ सेंटीमीटरवर, आणि तुमचं पाऊल चाकाच्या रेषेपासून चाळीस सेंटीमीटर बाजूला. गाडी सरळ उभी असेल तर तुम्हाला जवळपास काहीच भार पेलावा लागत नाही. पाच अंश कलली की पावलावर २६ किलोच्या आसपास भार येतो. दहा अंशांना ५२. वीस अंशांना शंभरावर. हा झाला नुसत्या गाडीचा भार. तुमचं वजन, मागे बांधलेली बॅग आणि टाकीतलं पेट्रोल वेगळं. हिमालयनच्या १७ लिटरच्या टाकीत साडेबारा किलो पेट्रोल मावतं आणि ते गाडीच्या सर्वांत उंच भागात बसलेलं असतं. पाच अंशांना जी गाडी बारावीतली मुलगी सहज धरते, ती वीस अंशांना पहिलवानालाही खाली घेऊन जाते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी: पाऊल चाळीस सेंटीमीटर बाजूला असेल, तर गाडी एक अंश कलल्यावर त्या जागी जमीन सुमारे सात मिलिमीटर जवळ येते. म्हणजे पाय चार सेंटीमीटर कमी पडत असेल, तर गाडी जवळजवळ सहा अंश कलल्यावरच तो जमिनीला लागणार. तूट चार सेंटीमीटरांची दिसते, पण तिची किंमत सहा अंश आणि तीस किलो. उलट बाजूने वाचलं तर यात दिलासाही आहे. दोन सेंटीमीटर जरी कमावले तरी तीन अंश वाचतात, आणि गाडी सावरण्यातला बराचसा घाम या पहिल्या तीन-चार अंशांतच ठरतो. दोन्ही टाचा सपाट टेकायलाच हव्यात असं नाही. दोन्ही चवडे नीट दाबून बसले, किंवा एक पाऊल पूर्ण आणि दुसरं ब्रेकवर, एवढं जमलं तर गाडी तुमची आहे. टाचांच्या हट्टापायी लोकांनी चांगल्या गाड्यांची वाट लावलेली पाहिली आहे.

आता स्वतःचं माप. एकूण उंचीचा इथे फारसा उपयोग नाही. दोन माणसं १६५ सेंटीमीटरची असतील, पण एकाचं धड लांब आणि दुसऱ्याचे पाय लांब, असं असू शकतं. मोजायची ती पायाची आतली लांबी, शिंपी पँटसाठी मापतो ती. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा, मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. १६५ सेंटीमीटरच्या माणसाचं हे माप बहुधा ७५ ते ७७ भरेल.

७६ सेंटीमीटरचा पाय आणि ८२५ मिलिमीटरची सीट, म्हणजे साडेसहा सेंटीमीटरची तूट असं दिसतं. पण प्रत्यक्षात ती तेवढी नसते. कंपनीचा आकडा सहसा रिकाम्या गाडीचा असतो. तुम्ही बसलात की शॉकअप दबतो, समजा साडेतीन सेंटीमीटर. फोम दीडेक सेंटीमीटर बसतो. सीट ७७५ वर आली. बुटाचा तळ अडीच सेंटीमीटरचा, म्हणून पाय ७८५ चा झाला. कागदावर टाच टेकायलाच हवी! तरी टेकत नाही, कारण पाय सरळ खाली जात नाहीत. ते सीटच्या रुंदीला वळसा घालून बाहेर जातात, आणि कंपासपेटीतलं कर्कटक जितकं फाकवावं तितकी त्याची उंची घटते. पाऊल कमरेच्या सांध्यापासून पंचवीस सेंटीमीटर बाहेर पडत असेल, तर ७७५ च्या उंचीला ८१४ मिलिमीटरचा पाय लागतो. चार सेंटीमीटर नुसत्या फाकण्यात गेले. तेच अंतर अठरा सेंटीमीटर केलं, तर ७९६ पुरतो. जवळजवळ दोन सेंटीमीटर मिळाले, सीट एक मिलिमीटरही खाली न आणता.

या एका गोष्टीमुळे माझं मत असं आहे की पहिलं काम सीटच्या पुढच्या भागाच्या रुंदीचं. उंची नंतर.

काही गाड्यांत कंपनीच कमी उंचीची सीट देते. हिमालयन ४५० ची मूळ सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन जागांवर बसते, आणि वेगळी विकत मिळणारी लो सीट ती ८०५ पर्यंत आणते. मोठ्या बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसची मूळ सीट ८५० ची, तिलाही अशी लो सीट मिळते. शक्य असेल तर आधी ही घ्या. पैसे जातात, पण मूळ सीट घरात शाबूत राहते आणि पुढे गाडी विकताना उपयोगी पडते.

कंपनीची सीट नसेल किंवा पुरत नसेल, तर शहरातल्या चांगल्या सीटवाल्याकडे जा. सीटवाला निवडताना त्याने आधी केलेल्या दोन सीट पाहा, आणि गाडीवर तुम्हाला बसवल्याशिवाय फोमला हात न लावणारा माणूस शोधा. रेक्झिनच्या खालच्या पिना काढून कव्हर सोडवतात, फोमवर स्केचपेनने खुणा करतात, मग धारदार सुरीने मोठा भाग काढून ग्राइंडरच्या खरखरीत चकतीने आकार देतात. त्याला सांगायचं ते एवढंच: टाकीला लागून मांड्या जिथे खाली वळतात, तिथल्या दोन्ही कडा उतरव. मधला बसण्याचा भाग, जिथे बैठकीची दोन हाडं टेकतात, तिथे हात आखडता घे. त्या हाडांखाली निदान चार-पाच सेंटीमीटर चांगला, घट्ट फोम शिल्लक राहिला पाहिजे. तो गेला की दोनशे किलोमीटरनंतर तुम्ही सीटच्या प्लॅस्टिकच्या तळावर बसलेले असता, आणि तिथून पुढचा लांब प्रवास म्हणजे शिक्षा. मऊ फोम सुरुवातीला गोड लागतो, पण तो लवकर दबतो. पातळ सीटला घट्ट फोमच हवा. हवं तर हाडांखाली जेलचा तुकडा बसवता येतो.

दोन चुका इथे सर्रास होतात. एक, फोम फक्त पुढून कापल्याने सीटला पुढे उतार येतो आणि प्रत्येक ब्रेकला चालक टाकीवर घसरतो. पुरुष चालकांना याचं दुःख वेगळं सांगायला नको. मागून थोडा फोम काढून बैठक सपाट ठेवणं हा त्यावरचा इलाज. दुसरी चूक शिवणीची. बैठकीच्या मधोमध शिवण घेतली की पावसाळ्यात तिच्यातून पाणी फोममध्ये जातं आणि मग चार दिवस सीट ओली राहते. शिवण कडेला घ्या, आत प्लॅस्टिकचा पातळ कागद घाला.

सीट दोन-अडीच सेंटीमीटर खाली गेली की गुडघे तेवढेच अधिक दुमडतात. उंच माणसाला ते जाचतं. आखूड पायांच्या माणसाला सहसा कळतही नाही. हँडल मात्र थोडं उंच आणि दूर वाटू लागतं. क्लँपचे बोल्ट सैल करून ते जरा आपल्याकडे वळवून घ्यावं, लिव्हरही बोटांच्या आवाक्यात आणावेत.

सीटनंतर शॉकअप. कमी उंचीच्या माणसावर इथे दुहेरी अन्याय होतो, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कारखान्यातून येणाऱ्या स्प्रिंगा एका सरासरी वजनाच्या चालकासाठी बेतलेल्या असतात. ठेंगणा माणूस बहुधा हलकाही असतो. त्याच्या वजनाने स्प्रिंग पुरेशी दबतच नाही, त्यामुळे मुळात उंच असलेली गाडी त्याच्यासाठी अधिकच उंच राहते. लांब पल्ल्याच्या गाडीवर चालक आणि सामान चढल्यावर चाकाच्या एकूण हालचालीपैकी साधारण तीस टक्के दबायला हवेत. २०० मिलिमीटरच्या गाडीला ते साठ होतात. पन्नास किलोची मुलगी बसल्यावर पंचेचाळीसच दबत असतील, तर ती दीड सेंटीमीटर विनाकारण वर बसली आहे. शिवाय खड्ड्यात चाकाला खाली उतरायला जागा कमी, म्हणून तिची गाडी उडतेही जास्त. म्हणजे प्रीलोड, स्प्रिंगला आधीपासून दिलेला दाब, कमी केल्याने तिची गाडी बिघडत नाही, उलट सुधारते.

हे मोजायला दोन मदतनीस लागतात. गाडी डबल स्टँडवर घेऊन किंवा उचलून मागचं चाक अधांतरी करा. चाकाच्या अक्षापासून वर सरळ रेषेत शेपटीवर एक चिकटपट्टी लावा आणि अंतर मोजा. मग जॅकेट, बूट, हेल्मेट घालून गाडीवर बसा. एकाने हँडल धरावं, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने आलेली बसक. ती कमी असेल तर शॉकअपवरची चुडी सी-स्पॅनरने सैल करत न्या आणि पुन्हा मोजा. प्रीलोड कमी केल्याने स्प्रिंग मऊ होत नाही, हे मेकॅनिकही विसरतात. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडी कुठल्या उंचीवर विसावते ते बदलतं. चुडी पूर्ण सैल करूनही बसक पुरेशी येत नसेल, तर तुमच्या वजनाची मऊ स्प्रिंग बसवणं हा खरा उपाय. मागे माणूस किंवा जड सामान असेल, तेव्हा मात्र प्रीलोड परत वाढवावाच लागतो. आळस केलात तर प्रत्येक गतिरोधकावर शॉकअप तळाला आपटेल.

बुटांनी एक-दोन सेंटीमीटर सहज मिळतात. जर्मनीची डेटोना कंपनी आतून उंची वाढवलेले रायडिंग बूट बनवते. आपल्याकडे चांगल्या चांभाराकडून रबराचा जादा तळ लावून घेता येतो. तळ जाड झाल्यावर गिअरचा लिव्हर थोडा वर घ्यायला विसरू नका, नाहीतर बूट त्याच्याखाली शिरणार नाही आणि घाटात तिसऱ्यातच अडकून पडाल.

या तिन्हींची बेरीज केली तर बहुतेकांना तीन ते पाच सेंटीमीटर मिळतात, आणि गाडीच्या चालीला धक्का लागत नाही. माझ्या मते नव्वद टक्के लोकांनी इथेच थांबावं. पण लोक नेमके इथून सुरुवात करत नाहीत. कुणीतरी सांगतं, “लोअरिंग लिंक टाक, दोन हजारांत काम होतं,” आणि गाडी गॅरेजात जाते.

लिंक म्हणजे काय, ते बघू. हिमालयनसारख्या गाड्यांत मागचा एकच शॉकअप स्विंगआर्मला थेट न जोडता मध्ये काही दुव्यांच्या मार्फत जोडलेला असतो. त्यांतल्या दुव्याची लांबी बदलली की मागचं चाक गाडीच्या तुलनेत वर येतं, म्हणजे गाडीची शेपटी खाली बसते. काम तासाभराचं. पण सीट दोन चाकांच्या मधे असते, म्हणून मागचा भाग २५ मिलिमीटर खाली आला तरी सीट सोळा-सतराच मिलिमीटर खाली येते. दुव्यांचं गुणोत्तर बदलल्याने शॉकअपचा स्वभावही बदलतो. शॉकअप पूर्ण दबलेला असताना टायर पूर्वीपेक्षा वर जाऊन मडगार्डला घासू शकतं. चेनचा ताण पुन्हा बघावा लागतो.

आणि गाडीचा समतोल. हिमालयन ४५० च्या दोन चाकांत १५१० मिलिमीटर अंतर आहे. मागची बाजू २५ मिलिमीटर खाली केली की सगळी गाडी सुमारे एक अंश मागे कलते. पुढचा फोर्क एक अंश अधिक पसरट होतो, वळणात गाडी जड वाटते, बाहेर जाऊ पाहते. हेडलाइटही एक अंश वर जातो. एका अंशाने पन्नास मीटरवर झोत जवळजवळ एक मीटर वर चढतो, थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. म्हणून मागे खाली केलं तर पुढेही करावं लागतं. फोर्क धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या टीचे बोल्ट सैल करून फोर्कचे पाइप वर सरकवतात. दहा-पंधरा मिलिमीटर ठीक. त्यापुढे फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या टीला किंवा रेडिएटरला भिडत नाही ना, हे स्प्रिंग काढून, हाताने फोर्क पूर्ण दाबून बघितलं पाहिजे. हे बघणारं गॅरेज मिळालं तर त्याचा नंबर जपून ठेवा.

याहून चांगला, पण महाग मार्ग म्हणजे शॉकअप आणि फोर्क उघडून आत स्पेसर घालणं. चाकाची हालचाल पुढे-मागे सारखी कमी होते, समतोल बराचसा टिकतो. सगळ्यांत वाईट मार्ग म्हणजे स्प्रिंग कापणं. स्प्रिंगची वेटोळी कमी झाली की उरलेली स्प्रिंग कडक होते, आणि कापलेलं टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. हा प्रकार अजूनही चालतो. चालू नये.

गाडी खाली आली की साइड स्टँड तिच्यासाठी लांब पडतो. हे इतकं साधं आहे आणि इतक्या वेळा विसरलं जातं की नवल वाटतं. स्टँडवर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने, शेजारून बस गेल्याने किंवा कुणाची बॅग लागल्याने उजवीकडे पडते. स्टँड तेवढ्या प्रमाणात कापून वेल्ड करून घ्यावा लागतो. डबल स्टँडचं उलटं: गाडी त्याच्यावर चढवायला दुप्पट जोर लागतो. पोटाखालची जागाही गेलेली असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पसरट असायला हवा. गावोगावचे गतिरोधक हा नियम वाचून बांधलेले नसतात. २३० मधून पन्नास मिलिमीटर गेले, मागे माणूस आणि सामान बसलं, की पोटाखालची पाटी घासल्याचा आवाज दर गावात ऐकू येतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठासून सांगितलं. सीटच्या उंचीची नोंद त्या प्रमाणपत्रात नसते, त्यामुळे फोमची अडचण नाही. चॅसी किंवा तिला मागे जोडलेली सबफ्रेम कापून सीट खाली घेणं मात्र गुन्हा आणि मूर्खपणा दोन्ही आहे. शॉकअप उघडला तर वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

महागड्या गाड्यांनी हा तिढा विजेवर सोडवला आहे. हार्ले-डेव्हिडसनच्या पॅन अमेरिका १२५० स्पेशलमध्ये २०२१ पासून अशी सोय मिळते की गाडी थांबत आली की शॉकअप आपोआप एक-दोन इंच खाली बसतो आणि वेग घेतला की पुन्हा उठतो. बीएमडब्ल्यूच्या आर १३०० जीएसला पर्यायी मिळणारी यंत्रणा थांबताना सीट ८५० वरून ८२० वर आणते. विचार अगदी योग्य आहे, कारण उंची कमी हवी असते ती फक्त थांबल्यावर. आपल्या खिशाला परवडणाऱ्या गाड्यांत ही यंत्रणा यायला वेळ आहे.

तोवर तंत्र. अमेरिकेची जॉसेलिन स्नो पाच फूट एक इंचाची, आणि बीएमडब्ल्यूची मोठी जीएस चालवते. पुण्यात २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘द बायकर्नी’ या संघटनेच्या मुली त्याच वर्षी खारदुंग लापर्यंत मोटारसायकलने जाऊन आल्या. टाचा टेकल्याशिवाय गाडी चालत नाही, हे म्हणणं अशा बायकांपुढे टिकत नाही.

थांबताना दोन्ही पाय खाली सोडायची सवय स्कूटरवरून येते, ती मोडा. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, हँडल सरळ, नजर समोर. गाडी थांबायच्या क्षणी कंबर सीटच्या डाव्या कडेला सरकवा आणि डावा पाय एकटाच खाली टाका. नुसत्या सरकण्याने तीन-चार सेंटीमीटर सहज मिळतात. माणसाच्या चालीच्या वेगात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका. उभ्या उभ्या पडणाऱ्यांत याच कारणाने पडणारे फार.

आता खास आपल्या रस्त्यांची गोष्ट, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आपण डावीकडून चालतो आणि पाय डावा टाकतो. डांबरी रस्त्याला पाणी वाहून जायला मधून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार दिलेला असतो, म्हणजे डाव्या पावलाखाली जमीन एक सेंटीमीटर खालीच असते. कडेला गेलात तर डांबर संपून खाली मातीची दोन-तीन इंचांची पायरी, आणि पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोलीला तिच्यावर गवत. पाय तिथे पडला की मिळवलेले सगळे सेंटीमीटर संपले. म्हणून थांबायचं ते कडेपासून हातभर आत, आणि पाय टाकायच्या जागेवर आधीच नजर टाकून. शक्य असेल तिथे उंचवट्याच्या बाजूचा पाय टाका, मग तो उजवा का असेना.

गाडी लावताना तोंड चढाकडे ठेवा. उताराकडे तोंड करून भिंतीशी लावलेली गाडी चवड्यांवर मागे रेटता येत नाही. तिथे सरळ खाली उतरून, गाडी कमरेला टेकवून ढकलावी, त्यात कमीपणा काही नाही. मागे सामान बांधलेलं असेल तर पाय फिरवून चढणं अवघड जातं. आधी गाडी सरळ करून, डावा पाय फुटरेस्टवर ठेवून घोड्यावर चढतात तसं चढायची सवय रिकाम्या मैदानावर, अर्ध्या टाकीने करून घ्या. मागे बसणाऱ्याने तुम्ही “हां” म्हटल्याशिवाय चढायचं नाही आणि उतरायचंही नाही, हे घरातच ठरवून टाका. भांडण रस्त्यावर नको.

एवढं सगळं करून झाल्यावर पुन्हा मोजा. चवडे बसत असतील तर लिंकचा नाद सोडा. अजूनही दोन सेंटीमीटरची तूट असेल तर मागे-पुढे सारखं, जाणत्या गॅरेजमध्ये, स्टँडसकट खाली करून घ्या. पाच सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक उरत असेल, तर ती गाडी तुमच्यासाठी बनलेलीच नाही. सुपर मिटिऑर ६५० ची सीट ७४० वर आहे, पण वजन २४१ किलो. तिच्याकडे वळण्याआधी ती एकदा स्टँडवरून सरळ करून बघा. मिटिऑर ३५० ची सीट ७६५ वर आहे, वजनही दोनशेच्या आतच, आणि लांबचा प्रवास तिच्यावरही होतो. पाच सेंटीमीटरसाठी गाडी कापत बसण्यापेक्षा ती घ्या.